फरशीवरचं सुपरमार्केट

प्रस्तावना

शिरूरला कर्नल वॉलेसची कबर आहे. शिरूर ही कंपनी सरकारची छावणी होती त्या काळातला हा अधिकारी. १८०९ मध्ये वारला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की शिरूरचे आणि आसपासच्या गावांतले लोक त्याला सतपुरुष मानतात आणि सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर आणतात. बांधणाऱ्याच्या मनात एक असतं आणि वापरणारा तिथं दुसरंच काही मांडतो, हे शिरूरकरांना नव्यानं सांगायला नको.

या पुस्तिकेचा विषय मात्र इतका जुना नाही, आणि इतका मानाचा तर नाहीच. बंद पडलेलं सुपरमार्केट, आणि त्याच जागेत आज जे काही चालतं त्याखाली उरलेल्या त्याच्या खुणा, एवढाच तो. शिरूर आणि दौंड ही गावं सरावासाठी निवडली आहेत. दोन्हीकडे बाजार जुना आहे, औद्योगिक वसाहत जवळ आहे (शिरूरला रांजणगाव, दौंडला कुरकुंभ), आणि मोठ्या गाळ्यांचे भाडेकरू महानगरापेक्षा लवकर बदलतात, असं मला वाटतं. वाचकानं वास्तुविशारद असण्याची गरज नाही. महिन्याचा किराणा ज्यानं भरला आहे, त्याची निम्मी तयारी झालेली आहे.

‘पडक्या वास्तूंचं सौंदर्य’ नावाची छायाचित्रांची एक फॅशन सध्या जोरात आहे. गंजलेले कठडे, भिंतीतून उगवलेला पिंपळ वगैरे. आपल्या कामाचा तिच्याशी संबंध नाही. रस्त्यालगतचा तीन हजार चौरस फुटांचा गाळा आपल्याकडे पिंपळ उगवेपर्यंत रिकामा राहत नाही. शटर पडल्यावर थोड्याच दिवसांत तिथं पतसंस्था, फर्निचरचं दालन, जिम, दवाखाना किंवा स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका उभी राहते. म्हणून आपल्याला चालत्या जागेत, माणसांच्या वर्दळीत, पाहायचं असतं.

नवखा माणूस आधी वर पाहतो, पाटीकडे. पाटी सर्वांत आधी उतरते. ती उतरल्यावर उन्हानं फिकट झालेल्या दर्शनी पत्र्यावर अक्षरांच्या जागी मूळ रंग तसाच राहतो आणि दुकानाचं नाव वाचता येतं. अमेरिकेतले दुकानांचे अभ्यासक याला ‘लेबलस्कार’ म्हणतात. आपण पाटीचा वण म्हणू. वण दिसला तर आनंदच आहे, पण पुढचा भाडेकरू आपला फ्लेक्स नेमका त्याच्यावरच ताणतो. माझा सल्ला उलट आहे: खाली पाहा. छत बदलतं, रंग बदलतो, दिवे बदलतात. फरशी उखडायला खर्च येतो, म्हणून ती राहते.

फरशीवर काय पाहायचं? रॅकच्या पायांखाली झाकलेल्या जागा बाकीच्या फरशीपेक्षा उजळ राहतात आणि ओळीनं दिसतात. दोन ओळींमधल्या पट्ट्यावरची चकाकी मात्र ट्रॉलीच्या चाकांनी आणि चपलांनी गेलेली असते. हा पट्टा जिथं सर्वांत जास्त झिजला आहे तिथं बहुधा तेल, साखर, आटा असणार, कारण रोज लागणारा माल दुकानदार मुद्दाम आत ठेवतो, म्हणजे गिऱ्हाइकाला बाकीचं सगळं पाहत जावं लागतं. एका भिंतीलगत पाणी जायची जाळी सापडली आणि जवळपास मोरीचा पत्ता नसेल, तर तिथं दूध-दह्याची शीतकपाटं होती असं समजायला हरकत नाही. दाराजवळ सारख्या अंतरावर सिमेंटनं बुजवलेली नळ्यांची तोंडं दिसतात. बिलाच्या काउंटरला वीज आणि संगणकाची तार जमिनीतून येत होती, त्या या नळ्या. ती तोंडं मोजा. दिवाळीच्या आठवड्यात किती माणसं रांगेत उभी राहतील, असं मालकानं धरलं होतं त्याचा तो आकडा आहे. स्वप्न किती मोठं होतं, हे इतक्या नेमकेपणानं सांगणारा दुसरा पुरावा मला माहीत नाही.

भिंतीही बोलतात. सुपरमार्केटला खिडकी नको असते; खिडकी म्हणजे एक रॅक कमी. म्हणून खिडक्या विटांनी बुजवल्या जातात. नंतर अभ्यासिका किंवा दवाखाना येतो, त्याला उजेड-वारा हवा असतो आणि तीच खिडकी पुन्हा फोडली जाते. चौकटीभोवतीचा गिलावा नवा, खिडकी जुन्या मापाची, अशी विसंगती दिसली की थांबा. बाहेर ट्रॉलीचा उतार, मागच्या बाजूला माल उतरवायचं शटर, जनरेटरचा ओटा हेही पाहावं. पण उतार फर्निचरवाल्यालाही लागतो आणि ओटा बँकेलाही. जाळी आणि बुजवलेल्या नळ्या एकत्र सापडल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

खुणा वाचणं हे निम्मं काम झालं. दुकान आलं का आणि गेलं का, हे फरशी सांगत नाही. ते गावात पैसा कोणत्या तारखेला येतो यावर असतं. शेतकऱ्याच्या घरात पैसा उसाच्या बिलाला येतो, कांद्याच्या पट्टीला येतो. मधले महिने किराणा दुकानदाराच्या वहीवर निघतात. सुपरमार्केटकडे वही नसते. त्याला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार हातात पडणारं गिऱ्हाईक हवं. दौंडला हे गिऱ्हाईक फार आधीपासून आहे: १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि जंक्शनबरोबर रेल्वेचा पगारी माणूस गावात आला, पुढे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आले. शिरूरला पगाराचा मोठा ओघ रांजणगावच्या कारखान्यांनी आणला, तोवर हा ऊस-कांद्याचा आणि व्यापाऱ्याच्या वहीचा तालुका. म्हणून एकाच आकाराचं दुकान या दोन गावांत दोन वेगळ्या कारणांनी उघडू शकतं आणि वेगळ्या कारणांनी बंद पडू शकतं, अशी माझी धारणा आहे. ती खोडून काढणारा वाचक भेटला तर मला आवडेल.

दुसरं कारण रस्त्याचं. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंडला इंजिनाची दिशा बदलण्यासाठी थांबावं लागे. कॉर्ड लाइन झाल्यावर अनेक गाड्या जुन्या स्थानकात न येताच वळू लागल्या. फलाटावरच्या चहावाल्याला तेव्हा जे कळतं, तेच बाह्यवळण झालेल्या गावातल्या जुन्या हमरस्त्यावरच्या दुकानदाराला कळतं. पुणे-नगर रस्त्यावर काम करताना गाळ्याच्या आधी रस्त्याचा इतिहास विचारावा.

या अभ्यासाला मोठी परंपरा नाही, पण तो अगदीच पोरकाही नाही. ज्युलिया क्रिस्टेन्सन यांचं ‘बिग बॉक्स रीयूज’ हे पुस्तक २००८ मध्ये आलं. रिकाम्या झालेल्या अवाढव्य दुकानांचं अमेरिकेतल्या गावांनी काय केलं, याचा तो शोध आहे. टेक्सासमधल्या मॅकॅलन गावानं जुन्या वॉलमार्टमध्ये सार्वजनिक ग्रंथालय थाटलं. आणि गंमत अशी, की १९३० मध्ये मायकल कलन यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात उघडलेलं ‘किंग कलन’, ज्याला पहिलं सुपरमार्केट म्हणण्याचा प्रघात आहे, ते एका जुन्या गॅरेजात होतं. म्हणजे सुपरमार्केट जन्मलं तेच दुसऱ्याच्या जागेत.

आपल्याकडची वंशावळ वेगळी आहे आणि ती सहकारातून सुरू होते. १९४८ मध्ये मुंबईत नायगावला कामगारांच्या ग्राहक संस्थेतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. राधाकिशन दमाणी यांनी नेरूळला आधी त्याचीच फ्रँचायझी चालवली आणि २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं. डी-मार्ट शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान काढतं, त्यामुळे आपल्या कामाला ते फारसं उपयोगी नाही. भाड्यानं राहणाराच खुणा सोडून जातो. १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेली ‘सुभिक्षा’ भाड्याच्या छोट्या गाळ्यांत पसरली, सुमारे सोळाशे दुकानांपर्यंत गेली आणि २००९ च्या सुरुवातीला कोसळली. तिचे गाळे इतके लहान, की पुढच्या भाडेकरूच्या मांडणीत ते सहज विरले. ‘बिग बझार’चं उलट झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये भाडेकरार हाती असलेल्या रिलायन्सनं अनेक दुकानांचा ताबा घेतला आणि पुढे त्यांतल्या कित्येक जागी ‘स्मार्ट बझार’ची पाटी लागली. किराणा गेला आणि किराणाच आला. वाचायला सर्वांत अवघड इमारत हीच: जुन्या खुणा पुसलेल्या नसतात, त्या कामाला लागलेल्या असतात.

कागदांचं काम कोरडं आहे, थोडक्यात सांगतो. नगरपरिषदेची मालमत्ता कराची नोंद, ग्रामपंचायतीच्या हद्दीत नमुना ८, दुय्यम निबंधकांकडची इंडेक्स टू आणि नोंदलेला भाडेकरार, एवढं मिळालं तरी तारखा जुळतात. भंगारवाल्याला विसरू नये. सुपरमार्केटचे रॅक क्वचितच मोडले जातात. ते तालुक्यातल्या मेडिकलमध्ये, स्टेशनरीच्या दुकानात जाऊन उभे राहतात आणि किमतीची चिठ्ठी सरकवायची प्लास्टिकची पट्टी त्यांच्या कडेला अजून चिकटलेली असते.

सर्वांत चांगला साक्षीदार मात्र जुनं गिऱ्हाईक. त्याला ‘इथं पूर्वी काय होतं?’ असं विचारू नका. उत्तर एका शब्दात संपतं. ‘तांदूळ कुठं होता?’ असं विचारा. एखादी मावशी हात उचलून कोपरा दाखवील, मग डाळींची ओळ सांगेल, मग बिस्किटांपाशी नातू कसा अडून बसायचा ते सांगेल, आणि तुमच्या वहीत दहा मिनिटांत आराखडा तयार होईल. तो फरशीशी ताडून पाहा.

जाताना टेप, खडू, वही आणि बॅटरी एवढंच न्यावं. मालकाची आणि आजच्या भाडेकरूची परवानगी आधी घ्यावी, फोटोत माणसांचे चेहरे येऊ देऊ नयेत. आणि अभ्यासिकेत जाणार असाल तर टेप ओढताना आवाज करू नका. जिथं बिलाची रांग लागायची तिथं आता मुलं पूर्वपरीक्षेचा पेपर सोडवत बसलेली असतात.