बदललेला घोडा, बदललेली बॅटरी

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या एका चर्चासत्राहून पुण्यास परतताना सहकाऱ्याच्या विजेवरील मोटारीने आम्हांस साताऱ्याजवळ पाऊण तास थांबविले. मोटारीत बिघाड काही नव्हता. बॅटरी भरून घ्यावयाची होती. दोनदा चहा झाला, चर्चासत्रातील निबंधांची यथास्थित निंदा झाली, आणि मग आमच्यापैकी एकाने प्रश्न काढला : 'घरातला गॅस संपला की तो भरला जाईपर्यंत आपण सिलिंडरपाशी बसून राहतो काय? रिकामा देतो, भरलेला घेतो. मोटारीच्या बॅटरीचे तसे का होऊ नये?'

प्रश्न वरवर यंत्रशास्त्राचा आहे आणि आम्ही मराठीचे अध्यापक. तरीही त्यावर लिहिण्याचे धाडस करतो, याचे कारण असे की हा प्रश्न नवा नाही. तो सव्वाशे वर्षांत निदान चार वेळा गंभीरपणे विचारला गेला आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर निराळे आले. ज्या प्रश्नाची उत्तरे काळागणिक बदलतात, तो इतिहासाचा प्रश्न असतो.

प्रथम शब्दापाशी थांबू. 'डाक' म्हटले की आज आपल्याला पत्रे आठवतात. परंतु या शब्दाच्या मुळाशी कल्पना आहे ती टप्प्याटप्प्यावर घोडे वा माणसे बदलण्याची. निरोप थांबत नसे. थकलेला घोडा थांबे आणि ताजा घोडा पुढे निघे. घोड्याला विश्रांती लागतेच, ती कोणालाही टाळता आली नाही. डाकेच्या व्यवस्थेने एवढेच केले, की घोड्याची विश्रांती प्रवाशाच्या वेळेपासून वेगळी काढली. बॅटरी बदलण्याच्या कल्पनेचे सारे मर्म आणि साऱ्या अडचणी या एका वाक्यात आहेत. डाकेचे घोडे स्वाराच्या मालकीचे नसत. ते सरकारचे किंवा ठेकेदाराचे असत. आपला लाडका घोडा चौकीवर सोडून दुसऱ्याचा अनोळखी घोडा घेऊन जाण्यास कोणता सरदार तयार झाला असता?

मोटारीच्या जन्मकाळी हीच व्यवस्था विजेच्या गाड्यांसाठी उभी राहिली. १८९४ मध्ये फिलाडेल्फियात हेन्री मॉरिस आणि पेड्रो सॅलम या दोघांनी 'इलेक्ट्रोबॅट' नावाची विजेची गाडी तयार केली, आणि १८९७ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्यांच्या डझनभर भाड्याच्या बग्ग्या धावू लागल्या. त्याच वर्षी आयझॅक राइस या उद्योजकाने तो व्यवसाय घेतला आणि 'इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी' स्थापन झाली. त्या गाड्यांतील शिशाच्या बॅटऱ्यांचे वजन अर्ध्या टनाच्या घरात जाई. ब्रॉडवेवरील केंद्रात गाडी ओट्याला लागे, पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रे ती नेमक्या जागी आणून बसवीत, संपलेली बॅटरी बाहेर ओढली जाई आणि भरलेली आत ढकलली जाई. काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. क्रेन काढून घेतलेल्या बॅटऱ्या भरणीच्या जागी नेऊन ठेवीत.

पेट्रोलची गाडी मुळातच श्रेष्ठ होती म्हणून ती जिंकली, असे आपण विद्यार्थ्यांना सहज सांगून टाकतो. १९०० सालचे आकडे मात्र वेगळे बोलतात. त्या वर्षी अमेरिकेत बनलेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवरच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. निकाल अजून लागावयाचा होता. न्यूयॉर्कची कंपनी मग का बुडाली? हजारो बग्ग्यांचे साम्राज्य उभारण्याची भांडवलदारांना घाई झाली; गावोगावच्या शाखांत बॅटऱ्यांची निगा राखणारी जाणती माणसे नव्हती; समभागांच्या व्यवहारांवर वृत्तपत्रांनी झोड उठविली. शाखा एकेक करून मिटल्या आणि १९०७ मध्ये मूळ कंपनीचेही दिवाळे निघाले. बॅटरी बदलण्याची क्रिया मात्र यशस्वी ठरली होती. ती ज्यांच्या हाती होती, ते अयशस्वी ठरले. यंत्राचा इतिहास लिहिताना हा भेद पुसला जातो, आणि मग पराभूत कल्पना मूर्ख कल्पना म्हणून नोंदली जाते.

दुसरा प्रयोग अधिक शांत आणि आमच्या मते अधिक बोधप्रद आहे. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील वीज कंपनीने १९१२ च्या सुमारास मालवाहू गाड्यांसाठी एक योजना चालविली. ग्राहकाने गाडी घ्यावयाची ती बॅटरीविना. बॅटरी वीज कंपनीची. ग्राहक दरमहा ठरावीक शुल्क आणि धावलेल्या मैलांप्रमाणे आकार देई. बॅटरी संपली की बदलून घेई. १९२४ पर्यंत चाललेल्या या योजनेतील गाड्यांनी साठ लाख मैलांहून अधिक अंतर कापले. येथे कोणी साम्राज्याची स्वप्ने पाहिली नाहीत. दूध, बर्फ, कोळसा अशा जिनसांची ने-आण करणाऱ्या गाड्यांचे दिवसाचे फेरे ठरलेले असत, गाड्या एका घडणीच्या होत्या आणि बॅटरीचा मालक एकच होता. पुढे रस्ते सुधारले, पेट्रोलचे ट्रक शहराच्या वेशीबाहेर दूरवर जाऊ लागले आणि विजेचा ट्रकच मागे पडला. त्याच्यासोबत ही सोयही गेली.

तिसरा प्रयोग आपल्या पिढीने पाहिला. शाय अगासी या इस्रायली उद्योजकाने २००७ मध्ये 'बेटर प्लेस' ही कंपनी काढली. त्याचा विचार भ्रमणध्वनीवरून सुचल्यासारखा होता : फोनवर जशी मिनिटे विकली जातात तसे मोटारीसाठी किलोमीटर विकावेत, बॅटरी कंपनीची असावी, रोजचे चार्जिंग घरी व्हावे आणि लांबच्या प्रवासात वाटेवरच्या केंद्रात पाच मिनिटांत बॅटरी बदलून मिळावी. इस्रायलसारखा छोटा देश प्रयोगास सोयीचा होता. मोटार घेऊन सीमेपलीकडे जाणारे तेथे फारसे नसतात. दुसरी भूमी डेन्मार्क. ऐंशी कोटी डॉलरहून अधिक भांडवल जमले. रेनो कंपनीने 'फ्लुअन्स' ही मोटार या पद्धतीला अनुरूप करून दिली. एक लाख गाड्यांची भाषा होत होती. प्रत्यक्षात दोन्ही देश मिळून दीड हजारही गाड्या रस्त्यावर आल्या नाहीत, आणि मे २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

या अपयशाचे खापर बहुधा अगासीच्या अतिआत्मविश्वासावर फोडले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. पण मूळ दुखणे दुसरे होते. केंद्रे आधी उभारल्यावाचून मोटार कोणी घेईना, आणि मोटारी असल्यावाचून केंद्रांचा खर्च निघेना. शिवाय त्या केंद्रांत बसणारी बॅटरी एकाच कंपनीच्या एकाच मोटारीची. इतर मोटार कंपन्या बॅटरीला आपल्या गाडीचा कणा मानत होत्या. शेजाऱ्याच्या मापाचा कणा कोण बसवून घेईल? दिवाळखोरीनंतर महिन्याभरातच, जून २०१३ मध्ये, टेस्लाने कॅलिफोर्नियात एका समारंभात सुमारे दीड मिनिटात बॅटरी बदलून दाखविली. टाळ्या पडल्या. पुढे एका केंद्रावर प्रयोगही झाला. परंतु निवडक ग्राहकांना बोलावूनही त्यांनी फारसा रस दाखविला नाही, आणि २०१५ पर्यंत कंपनीने जलद चार्जिंगवरच भर देण्याचे ठरविले.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. साहित्याच्या वाचकांनी कंटाळू नये. बॅटरी बदलण्यास पाच मिनिटे लागतात असे धरले, तर एका केंद्रात तासाला बारा मोटारी होतील. काढलेली बॅटरी भरण्यास एक तास लागत असेल, तर सतत रांग असताना केंद्राजवळ डझनभर बॅटऱ्या जादा हव्यात. त्यांहून कमी असतील, तर गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणच्या वाटेवर असते तशा गर्दीत पहिले काही भाग्यवान पुढे जातील आणि उरलेले तेथेच तिष्ठतील. म्हणजे पुनर्भरण टळत नाही; ते प्रवाशाच्या नजरेआड होते. त्याने न केलेली प्रतीक्षा बॅटरी करते, आणि त्या प्रतीक्षेचे भांडवल कोणीतरी गुंतवलेले असते.

चीनच्या 'निओ' या कंपनीने हे भांडवल गुंतवून दाखविले. २०१८ मध्ये पहिले केंद्र उघडल्यावर २०२३ अखेर तिची दोन हजारांहून अधिक केंद्रे झाली. तिच्या दुसऱ्या पिढीच्या केंद्रात १३ बॅटऱ्या मावतात आणि दिवसाला ३१२ अदलाबदली होऊ शकतात. ग्राहकाला बॅटरी भाड्याने घेऊन मोटार स्वस्तात नेता येते. म्हणजे प्रवासातही ही पद्धत चालते, हे सिद्ध झाले. परंतु कंपनीने वर्षानुवर्षे मोठा तोटा सोसला, हेही खरे. आणि दुसऱ्या बाजूने चार्जिंगचा वेग वाढतच आहे : मार्च २०२५ मध्ये चीनच्याच 'बीवायडी' कंपनीने पाच मिनिटांत सुमारे ४०० किलोमीटर धावण्याएवढी वीज भरणारी पद्धत जाहीर केली. ती सर्वदूर पोहोचली, तर खासगी मोटारीसाठी बॅटरी बदलण्याचे प्रयोजन फार उरणार नाही. याउलट चीनमधील खाणी, बंदरे आणि पोलादाच्या कारखान्यांतील अवजड ट्रकांसाठी बॅटरी बदलणे रूढ होत आहे. ठरलेले फेरे, एकसारखी गाडी, बॅटरीचा एक मालक : हार्टफर्डचीच ही पुनरावृत्ती.

आता पुन्हा त्या सिलिंडरकडे येऊ. आमच्या सहकाऱ्याची उपमा सुंदर होती. ती फसते कोठे, हे पाहणे अधिक उपयोगाचे. घरगुती सिलिंडर सामान्यतः १४.२ किलो गॅसचा असतो. तो आपला नसतो, आपण अनामत भरलेली असते. त्याच्या पत्र्याला पोचा आला म्हणून गॅस कमी जळत नाही. बॅटरी मात्र झिजते. नवी बॅटरी देऊन कोणाची तरी थकलेली बॅटरी हाती आली, तर पुढचा टप्पा आखूड होतो. म्हणून अदलाबदलीसाठी आधी मालकीची कल्पना सोडावी लागते, मग सर्वांचे माप एक करावे लागते. या दोन्ही गोष्टी यंत्रशाळेत घडत नाहीत. त्या बाजारात, कायद्यात आणि माणसांच्या मनात घडतात.

आपल्या देशातील हालचालींकडे या दृष्टीने पाहावे. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने विजेवरील दुचाकी आणि तीनचाकी वाहने बॅटरीविना विकण्यास व नोंदविण्यास मुभा दिली. १९१२ च्या हार्टफर्डमधला करार शंभर वर्षांनी आपल्या कायद्यात आला, असे म्हणण्यास हरकत नाही. फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात बॅटरी अदलाबदलीच्या धोरणाची घोषणा झाली आणि एप्रिलमध्ये नीती आयोगाने त्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याचा रोख प्रामुख्याने दुचाकी-तीनचाकी वाहनांवर होता. आम्हांस तो योग्य वाटतो. आपण साताऱ्याजवळ पाऊण तास थांबलो, तर दोन कप चहा जास्त होतो. रिक्षाचालक तीन तास बॅटरी भरत थांबला, तर त्याची अर्ध्या दिवसाची कमाई बुडते. त्याची बॅटरी हातांनी उचलता येते, त्याचा वावर एका शहरात असतो, आणि बॅटरीची किंमत एकरकमी देण्याची ऐपत त्याच्याकडे बहुधा नसते. मात्र बॅटरी दुसऱ्याची झाली की रोजच्या भाड्याचा दरही दुसरा ठरवणार. चौकी एकच असेल आणि माप तिचेच असेल, तर रिक्षाचालक त्या चौकीचा बांधलेला होईल. म्हणून 'सर्वांचे माप एक' हा तपशील तंत्रज्ञांवर सोडून देण्याजोगा नाही.

तेव्हा लांबच्या प्रवासात चार्जिंगची जागा बॅटरी बदलणे घेईल काय? खासगी मोटारींपुरते आमचे उत्तर 'बहुधा नाही' असे आहे. कष्टाच्या, ठरलेल्या फेऱ्यांच्या गाड्यांसाठी 'होय, आणि घ्यावी'. हे उत्तर चुकू शकते. आधीच्या पिढ्यांची उत्तरेही चुकली होती. साताऱ्याहून आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या खांबाशी मालाची एक तीनचाकी बॅटरी भरत उभी होती. ती आमच्या आधी आली होती आणि आम्ही निघाल्यावरही तेथेच होती. तिचा चालक हौद्यात पाय पसरून झोपला होता. आमच्या त्या संध्याकाळच्या वादात या माणसाचा वेळ आम्ही धरलाच नव्हता.