विक्रांतच्या बॉयलर रूममधली धूळ

मंडळी, अ‍ॅस्बेस्टॉस म्हटलं की आपल्या मोरगाव-बारामतीकडे छपरावरचा सिमेंटचा पत्रा आठवतो. त्यातलाच तंतू महायुद्धाच्या काळात हजारो टनांनी जहाजांवर गेला. त्याची गोष्ट आज मुंबईतल्या एका जहाजाच्या आधारे सांगतो.

‘आयएनएस विक्रांत’ 1961 मध्ये आपल्या नौदलात आली, पण तिची बांधणी इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी 1943 साली सुरू झाली होती. नाव होतं ‘हर्क्युलिस’. युद्ध संपलं, काम थांबलं, आणि 1957 मध्ये अर्धवट जहाज भारताने घेतलं. म्हणजे आराखडा युद्धकाळातलाच.

त्या काळच्या वाफेच्या जहाजांवर बॉयलर, टर्बाइन आणि वाफेचे नळ यांना अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टन घालत. त्याला लॅगिंग म्हणत. उष्णता आत राहायची, आग लागायची नाही, वजनही कमी. वेष्टन शाबूत असेतो धोका कमी. पण गळका नळ दुरुस्त करायचा तर आधी लॅगिंग फोडावं लागे. बंद जागेत धूळ उडायची. 1971 च्या युद्धात विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. त्याला पोलादी पट्टे आवळून जहाज बंगालच्या उपसागरात लढलं. वैमानिकांचं कौतुक झालं, ते रास्तच. पण खाली बॉयलर रूममध्येही माणसं होती.

आता बघा, धोका ठाऊक नव्हता असं नाही. ब्रिटनने कारखान्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीसाठी 1931 मध्येच नियम केले होते. पण जहाजावरचा खलाशी कारखान्याचा कामगार नव्हता. त्यात हा आजार फार सावकाश येतो. फुप्फुसं कडक होणं म्हणजे अ‍ॅस्बेस्टोसिस, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. हा कर्करोग दिसायला तीस-चाळीस वर्षं लागतात. तोवर माणूस निवृत्त होऊन गावी आलेला असतो.

डेव्हनपोर्टच्या गोदीतल्या कामगारांमधला मेसोथेलिओमा नौदलाचे डॉक्टर हॅरीज यांनी 1968 मध्ये मांडला. तरी 1987 च्या आधी नोकरीत धूळ खाल्लेल्या ब्रिटिश नौसैनिकाला सरकारवर दावा लावता येत नव्हता. मेसोथेलिओमा झालेल्या अशा माजी सैनिकांना 1,40,000 पौंड एकरकमी देण्याची सोय 2016 मध्ये झाली. तोपर्यंत कित्येक जण गेले होते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं: अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगाराची आरोग्यनोंद, कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवा. निकाल मोलाचा आहे, कारण एवढ्या उशिरा येणाऱ्या आजारात नोंद हाच पुरावा. पण रोजंदारीवर जहाज तोडणाऱ्याची नोंद कोण ठेवणार?

विक्रांत 2014 मध्ये मुंबईच्या दारूखान्यात भंगारात निघाली. तिचं पोलाद बजाजच्या मोटरसायकलीत गेलं, त्याची जाहिरातही झाली. लोखंड कुठे गेलं हे आपल्याला सांगता येतं. धूळ कोणाच्या छातीत गेली, ते सांगता येत नाही.

म्हणून एक विनंती. घरात कोणी जुन्या जहाजावर, गोदीत किंवा भंगारात काम केलेलं असेल, तर जहाजाचं नाव, काम आणि वर्षं आजच वहीत लिहून ठेवा. दम लागतो म्हणून दवाखान्यात गेलात, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. नाहीतर नुसतं ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो.