पायदळ आणि तोफखाना: एका खेळातल्या समतोलाचा इतिहास

१/ बुद्धिबळाच्या पटावर प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्याचा वजीर होतो. वाटेत ते बहुधा मारले जाते, म्हणूनच ही बढती कोणाला अन्यायाची वाटत नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचे रचनाकार गेली पन्नास वर्षे अशाच एका सौद्याशी झगडत आहेत. आजचा धागा त्या झगड्याच्या इतिहासाविषयी.

२/ खेळ ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचे एक पात्र असते: कोणी योद्धा, कोणी जादूगार. एक जण सूत्रधार होतो आणि राक्षसांपासून नगरांपर्यंत सारे जग सांभाळतो. लढाईचा निकाल फासे देतात. अनुभवगुण साचले की पात्राची पातळी, खेळाडूंच्या बोलीत 'लेव्हल', वाढते. एकच खेळ महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो.

३/ प्रश्न असा: पहिल्या पातळीवर बरोबरीने निघालेले दोघे दहाव्या पातळीवरही तुल्यबळ असतात का? नसतील, तर एक मित्र लढतो आणि दुसरा आठवड्यामागून आठवडे नुसता पाहत बसतो. नियमांच्या पुस्तकातला हा प्रश्न शेवटी टेबलावरच्या न्यायाचा प्रश्न असतो.

४/ या खेळाचे पूर्वज सैनिकी होत. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या कल्पनेवरून नकाशा, फासे आणि पंच असलेला युद्धखेळ सिद्ध केला; प्रशियन सैन्याने तो प्रशिक्षणासाठी स्वीकारला. अशा खेळांत तुकड्या घटत जातात. लढता लढता एखादा शिपाई दसपट बलवान व्हावा, ही कल्पनाच तिथे नव्हती.

५/ आता अमेरिकेत येऊ. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे 'चेनमेल' प्रसिद्ध झाले. ते छोट्या बाहुल्यांनी खेळायच्या मध्ययुगीन लढायांचे नियम होते. त्याला एक अद्भुतरम्य पुरवणी जोडलेली होती. तीत 'हीरो' चार माणसांइतका लढतो, 'सुपरहीरो' आठ माणसांइतका. जादूगाराचा अग्निगोल मात्र दगड फेकणाऱ्या मोठ्या युद्धयंत्राइतके क्षेत्र व्यापतो आणि त्याची वीज जड तोफेइतके.

६/ माझ्या मते पुढच्या साऱ्या वादाचे बीज इथे आहे. योद्धा पायदळाच्या हिशेबातून जन्मला, जादूगार तोफखान्याच्या. पायदळाचे बळ बेरजेने वाढते. तोफेचे बळ ती किती जणांवर पडते यावर ठरते. दोन वेगळ्या मापांनी मोजलेली ही माणसे पुढे एकाच टेबलावर, शेजारी शेजारी येऊन बसली.

७/ त्यांना तिथे आणले मिनेसोटातल्या डेव्ह अर्नेसन यांनी. 'ब्लॅकमूर' या आपल्या काल्पनिक प्रदेशात त्यांनी प्रत्येक खेळाडूला फौजेऐवजी एकच पात्र दिले. एका घावात ते मरू नये म्हणून 'हिट पॉइंट', म्हणजे प्राणबळाचा आकडा, आणला. ही युक्ती नौदलाच्या युद्धखेळांतून घेतल्याचे त्यांनी पुढे सांगितले. अनुभवाने पात्र वाढते, हेही ब्लॅकमूरमध्येच रुजले.

८/ जानेवारी १९७४ मध्ये गायगॅक्स आणि अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. एका पेटीत तीन पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती १००० प्रतींची. त्यात चौथ्या पातळीच्या योद्ध्याची पदवी 'हीरो' आणि आठव्या पातळीच्या योद्ध्याची 'सुपरहीरो'. 'चेनमेल'मधला पायदळाचा हिशेब असा जसाच्या तसा पातळ्यांच्या शिडीत उतरला.

९/ जादूगाराची शिडी निराळी. पहिल्या पातळीवर त्याला दिवसाकाठी एकच मंत्र. पाचव्या पातळीवर अग्निगोल हाती येतो आणि त्याचे फासे जादूगाराच्या पातळीइतके. दहाव्या पातळीवर सहा बाजूंचे दहा फासे, सरासरी ३५ प्राणबळाचा घाव, तोही स्फोटात सापडलेल्या प्रत्येकावर. मंत्रांची संख्या वाढते आणि एकेका मंत्राचे बळही वाढते. दोन वाढत्या राशींचा गुणाकार होतो. म्हणूनच खेळाडूंत म्हण पडली: योद्धा रेषेने वाढतो, जादूगार वर्गाने.

१०/ रचनाकारांना हे दिसत नव्हते असे नाही. त्यांनी जादूगाराला अनेक लगाम घातले होते. दुसऱ्या पातळीसाठी योद्ध्याला २००० अनुभवगुण पुरत, जादूगाराला २५०० लागत. जादूगाराला चिलखत वर्ज्य. म्हटलेला मंत्र स्मरणातून पुसला जाई. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या कथांतली. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीने त्याच्या प्राणबळाचा फासा चार बाजूंचा केला, योद्ध्याचा आठ बाजूंचा.

११/ १९७७ ते १९७९ दरम्यान आलेल्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत मंत्र पुरा होण्याआधी घाव बसला तर मंत्र वाया जाई. उच्च पातळीचा योद्धा मंत्राला सहसा बळी पडत नसे, कारण त्याचा बचाव त्याच्या स्वतःच्या पातळीवर ठरे, जादूगाराच्या नव्हे. शिवाय नवव्या पातळीवर योद्ध्याला गढी बांधून शिबंदी मिळवण्याचा हक्क होता. जादूगाराकडे तोफ होती, तर योद्ध्याकडे खरेच पायदळ आले.

१२/ म्हणजे जुना समतोल एका लढाईत शोधायचा नव्हता. तो संपूर्ण मोहिमेवर पसरलेला होता. आरंभी योद्ध्याने जादूगाराला जपायचे, अखेरीस जादूगाराने परतफेड करायची. बहुतेक जादूगार मधेच मरत. जो जगला, त्याने आपले बळ मोल देऊन मिळवले असे मानले जाई. प्याद्याचा वजीर होण्याचाच हा सौदा.

१३/ पण हा सौदा मृत्यूच्या भयावर उभा होता. १९८४ पासून 'ड्रॅगनलान्स' मालिकेने आधीच घडवलेले नायक आणि दीर्घ कथानक पुढे आणले. जिथे कथेला पात्राचे जगणे हवे असते, तिथे सूत्रधाराचा हात मृत्यूपाशी अडखळतो. अशा टेबलांवर जादूगाराला परतावा पूर्ण मिळू लागला, हप्ते मात्र माफ झाले.

१४/ १९९७ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने मूळ कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. तिने नियम सुटसुटीत केले: अनुभवगुणांचा तक्ता सर्वांना एकच, घाव चुकवत मंत्र म्हणण्याची सोय, आणि मंत्र टाळण्याची काठिण्यपातळी जादूगाराच्या बुद्धीवर व मंत्राच्या श्रेणीवर. शिबंदीही योद्ध्याची मक्तेदारी राहिली नाही. प्रत्येक बदल एकेकटा पाहिला तर समंजस आहे. एकत्र पाहिले तर जवळजवळ सारे लगाम एकदम सुटले.

१५/ त्याच आवृत्तीने मोजमापही बदलले. समतुल्य राक्षसाशी एक सामना चार जणांच्या चमूचे सुमारे एकपंचमांश बळ खर्च करतो, असे गृहीत धरले गेले. न्यायाचे एकक आता मोहीम नव्हते, दिवस होता. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ते आणखी आखूड करून एका सामन्यावर आणले. योद्धा असो वा जादूगार, प्रत्येकाला हवे तेव्हा, सामन्यात एकदा आणि दिवसात एकदा वापरायच्या शक्ती एकाच साच्यात मिळाल्या.

१६/ समतोल साधला, पण पुष्कळ खेळाडूंना सारी पात्रे सारखीच भासू लागली. २००९ मध्ये पायझो कंपनीने तिसऱ्या आवृत्तीच्या परंपरेवर 'पाथफाइंडर' काढले, आणि असमान पण वेगळेपण जपणाऱ्या त्या जगाकडे अनेक जण परतले.

१७/ २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग धरला. वीस पातळ्यांत प्रावीण्याचा आकडा केवळ २ वरून ६ वर जातो, त्यामुळे क्षुद्र शत्रूही दीर्घकाळ धोकादायक राहतो. एकाग्रता लागणारे दोन मंत्र एकाच वेळी चालवता येत नाहीत. अग्निगोलाचे बळ पातळीबरोबर आपोआप वाढत नाही. एकक मात्र पुन्हा दिवस: सूत्रधाराच्या पुस्तकाने दिवसात सहा ते आठ सामने गृहीत धरले. जिथे दिवसात एकच लढाई होते, तिथे जादूगार सारे मंत्र एकदम उधळतो आणि जुनी तक्रार परत येते.

१८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक परिचित गोष्ट दिसते. जुन्या व्यवस्थेतला एखादा नियम निरर्थक वाटतो, म्हणून काढला जातो. तो कोणता भार पेलत होता, हे छत खचल्यावर कळते. '२५०० अनुभवगुण' हा आकडा रुक्ष खरा, पण तो एका कराराचे कलम होता.

१९/ तेव्हा 'हा खेळ समतोल आहे का?' असे विचारण्याआधी 'किती काळात समतोल?' असे विचारावे. एका लढाईत, एका दिवसात, की आयुष्यभराच्या मोहिमेत? मोहीम सुरू करण्यापूर्वी टेबलावरच्या मंडळींनी हे उत्तर आपसात ठरवून घ्यावे. पुस्तक कोणतेही असो, तो करार त्यांनाच पाळायचा असतो.

(धागा समाप्त)