परवानगी कुणी दिली होती?

रात्री अकराला आमचं रिपोर्ट दाखवणारं ॲप बंद पडलं. सर्व्हर चालू, पोर्ट ५४३२ उघडा, पासवर्ड बरोबर. म्हणजे कनेक्शन होत होतं. लॉगमध्ये मात्र एकच तक्रार: ‘परमिशन डिनाइड’. घरात घेतलं, पण कपाटाला हात लावू देईना.

चूक माझीच. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे अधिकार मी नुकतेच काढले होते. पोस्टग्रेसने आधी नकार दिला होता: यावर इतरांचे अधिकार अवलंबून आहेत. मी नीट न वाचता ‘कॅस्केड’ जोडलं. ॲपच्या युजरला टेबल वाचायची परवानगी त्याच सहकाऱ्याने दिलेली. त्याच्यामागोमाग तीही गेली.

ही साखळी जुनी आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या ‘सिस्टिम आर’ या डेटाबेससाठी पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ साली ती मांडली. टेबलाचा मालक एकाला अधिकार देतो, तो पुढे तिसऱ्याला. मधल्याचा काढला, की तिसऱ्याचाही जावा, जणू मधल्याला तो कधी मिळालाच नव्हता. मात्र तिसऱ्याला तो आणखी कुणाकडून रीतसर मिळाला असेल, तर टिकावा. म्हणून कुणी, कुणाला, केव्हा दिलं, याची नोंद हवी.

‘ग्रँट ऑल’ लिहून झोपायचा मोह झालाच. पण कामापुरताच अधिकार द्यावा, हे साल्ट्झर आणि श्रोडर १९७५ सालीच लिहून गेलेत. मी फक्त ‘सिलेक्ट’ दिला. या वेळी थेट टेबलाच्या मालकाकडून.