श्टाउफेन घराण्याचें मूळ

जर्मनीच्या मध्ययुगीन राजघराण्यांत श्टाउफेन घराण्याची कीर्ति मोठी. तथापि सम्राट् फ्रेडरिक बार्बारोसापासून मागें त्याचें मूळ शोधूं गेल्यास चार पिढ्यांपलीकडे खात्रीचें असें कांहींच हातीं लागत नाहीं. या चार पिढ्या तरी कशाच्या आधारावर मानावयाच्या, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

घराण्याच्या भाग्योदयाचा काल निश्चित आहे. इ. स. १०७९ मध्यें ईस्टरच्या सणांत रेगेन्सबुर्ग येथें राजा चवथा हेन्री यानें फ्रेडरिक नांवाच्या सरदारास स्वाबियाचा ड्यूक केलें व आपली कन्या आग्नेस हिचें त्यास वाग्दान केलें. फ्रायझिंगचा बिशप ओटो यानें हा प्रसंग वर्णिला आहे. परंतु हा सरदार स्वाबियांतील अत्यंत थोर कुळांत जन्मला, एवढेंच तो सांगतो. पित्याचें नांव देत नाहीं. ओटो हा याच आग्नेसचा दुसऱ्या विवाहापासून झालेला पुत्र, म्हणजे बार्बारोसाचा सावत्र चुलता होय. घरच्याच साक्षीदारानें पूर्वजांविषयीं मौन धरावें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

नांवें मिळतात तीं निराळ्याच कागदांत. इ. स. ११५३ मध्यें कॉन्स्टान्स येथें बार्बारोसाचा आडेला हिच्याशीं झालेला विवाह जवळच्या नात्याच्या कारणावरून रद्द ठरविण्यांत आला. आपल्या स्मृतिकारांनीं सापिंड्याचा निषेध सांगितला, त्याचप्रमाणें ख्रिस्ती धर्मशास्त्रानेंही त्या काळीं सातव्या पायरीपर्यंत विवाह वर्ज्य मानला होता. त्या प्रसंगाची वंशावळ मठाधिपति विबाल्ड याच्या पत्रसंग्रहांत टिकून राहिली आहे. तींत फ्रेडरिक व बेर्टा हीं भावंडें मुळाशीं आहेत. भावाचा पुत्र ब्यूरेनचा फ्रेडरिक. त्याचा पुत्र श्टाउफेनचा गड बांधणारा ड्यूक फ्रेडरिक. त्याचा पुत्र दुसरा ड्यूक फ्रेडरिक. व त्याचा पुत्र बार्बारोसा. बहिणीच्या शाखेंत सहाव्या पायरीवर आडेला येते.

आतां या कागदाची किंमत काय? तो काडीमोडीसाठीं तयार झाला, म्हणून सर्वस्वी त्याज्य, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. लबाडीची गरज होती ती केवळ बेर्टा व फ्रेडरिक यांचें नातें जोडण्यापुरती. शंका घ्यावयाची तर त्या एका दुव्याविषयीं घ्यावी. खालच्या पायऱ्या सभेंतील वृद्धांच्या स्मरणांतल्या होत्या, व त्या बदलून कोणाचाही लाभ नव्हता. शिवाय वंशाचा गौरव करणारा भाट मुळाशीं एखादा राजा बसवितो. येथें तर ब्यूरेन हें साधें गांव आहे.

दुसराही एक पुरावा आहे. आल्सेसमधील श्लेटश्टाट येथें इ. स. १०९४ च्या सुमारास ड्यूक फ्रेडरिकची माता हिल्डेगार्ड हिनें पुत्रांसह सेंट फिडीसचा मठ स्थापिला. यावरून घराण्याची आल्सेसमधील मत्ता मातृपक्षाकडून आली असावी असें दिसतें.

तात्पर्य, हें कुळ पितृपक्षानें राजवंशीय नव्हे. गांवावरून ओळखलें जाणारें स्वाबियांतील सरदार घराणें गडावर चढलें, गडाचें नांव धारण करतें झालें, आणि राजकन्येच्या द्वारें राजवंशाशीं जोडलें गेलें. पुढें स्वतःस वाइब्लिंगेनच्या राजकुळाचे वारस म्हणविण्याचा जो अभिमान त्यांनीं बाळगला, तो आग्नेसच्या नात्यानें खरा होता. परंतु मुळाचा शोध घेणारानें मातेचा वंश पित्याच्या नांवावर मांडूं नये.