अकराव्या पायरीवरचा साप



सुभाष रोडवर दवाखाना चालवणाऱ्या होमिओपॅथीच्या डॉक्टराने इतिहासावर बोलावे, आणि तेही खेळांच्या, हे जरा धाडसाचेच. निमित्त माझ्या नातवाचे. दिवाळीत तो बेंगळूरहून मित्रांना घेऊन आला. पाच मुले दिवाणखान्यात सहा तास बसली होती. एक जण गोष्ट सांगत होता, बाकीच्यांनी योद्धा, चोर, वैद्य अशी सोंगे घेतली होती. काय करायचे ते आपल्या सोंगाच्या स्वभावाप्रमाणे ठरवायचे. जमले की फसले, ते वीस बाजूंच्या फाशावर. मध्येच एकाला मरणातून सूट मिळाली. पुस्तकात असे आहे का, असे विचारले तर नातू म्हणाला, "नाही आजोबा, हा आमचा घरचा नियम."

हा खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो अमेरिकेत 1974 साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने काढला. पुढचे तुम्हीच रचा, असे त्यांनी खेळणाऱ्यांना शेवटी सांगूनच ठेवले होते. तेव्हापासून पुस्तकातले नियम तपासायचे, नावे ठेवायची आणि आपले नवे घालायचे, हा त्या मंडळींचा अर्धा खेळ आहे.

मला त्यात नवल वाटले नाही. आपल्याकडे तर बहुतेक खेळ घरच्या नियमांवरच चालत आले. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 10 रंग आणि 120 पाने. दिवसा रामाच्या रंगाने डाव सुरू व्हायचा, रात्री कृष्णाच्या. दिवेलागण झाली की नियम बदलला! म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्याकडून इंग्रजांनी 1831 साली कारभार काढून घेतला, त्यानंतर त्यांनी खेळांत मन रमवले. 'चाड' नावाचे पत्त्यांचे कितीतरी प्रकार रचले, काहींत रंग अठरापर्यंत नेले, आणि 'श्रीतत्त्वनिधि'च्या कौतुकनिधीत खेळांची माहिती घातली. राजाच्या पदरी लेखक होते, म्हणून त्याचे नियम उरले. घराघरांतले उरले नाहीत. याच रस्त्यावर जी. बी. जोशींच्या मनोहर ग्रंथमालेचा अट्टा आहे. ग्रंथमाला 1933 पासूनची. तिथे वाचल्या गेलेल्या कन्नड हस्तलिखितांची पुस्तके झाली, पण ऐकणारे त्यावर जे बोलले ते हवेतच गेले. खेळांचे तसेच झाले.

मोक्षपटाचे घ्या. मराठी परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांना देते. परंतु जगात आज जपलेले बहुतेक जुने पट 18व्या-19व्या शतकांतले आहेत. ज्ञानेश्वर तेराव्या शतकातले. मधली पाचशे वर्षे केवळ नावाच्या भरवशावर ओलांडू नयेत, असे माझे मत आहे. त्यांतले कितीतरी पट जैनांचे आहेत, पुष्कळदा 84 घरांचे, माथ्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर असलेले. राजस्थान-गुजरातेत ते पर्युषणात खेळत. वैष्णवांचा पट 72 घरांचा. 1892च्या सुमारास तो इंग्लंडात गेला आणि नीतीची नावे झिजत झिजत नुसते साप आणि शिड्या राहिल्या.

परीक्षक म्हणून सांगायचे, तर मोक्षपट हा खेळ म्हणून कच्चा आहे. सोंगटी म्हणजे तुमचाच जीव, पण त्याने काय करायचे हे तुम्ही ठरवत नाही, कवड्या ठरवतात. तरी पिढ्यान्‌पिढ्या लोक तो रंगून का खेळले? पटावर घरांची नावे असत. खेळायचे कसे, ते फारसे लिहिलेले नसे. ते घरातले वडीलधारे सांगत, आणि गंमत बहुधा त्या सांगण्यात असावी.

माझी आजी भाद्रपदात, दशलक्षणात, फरशीवर खडूने पट काढी. 84 घरांचा नव्हे, चौदा गुणस्थानांच्या चौदा पायऱ्यांचा. चार कवड्या. दहाव्या पायरीवरून चारही चित पडल्या तर थेट बाराव्या, क्षीणमोहाच्या पायरीवर. तिथून पडणे नाही. कवडी दोन्ही बाजूंना सारखी पडते असे धरले, तर हा योग सोळांत एकदा. एरवी अकरावी: मोह नुसता दबलेला, गेलेला नाही. "इथं दोन घटकासुद्धा बसायला मिळत नाही," असे आजी म्हणे. मग एक कवडी टाकायची. ती कवडीकडे बघून नुसते "काळ सरला" किंवा "भव सरला" म्हणे आणि सोंगटी खाली नेई. मी हटकून एकेक पायरी उतरत पहिलीवर येई, मिथ्यात्वात. धाकटा भाऊ चौथीवर थांबे. आजी त्याला झुकते माप देते, ही अढी मी पन्नास वर्षे मनात ठेवली.

साठी उलटल्यावर मंदिरातल्या स्वाध्यायात नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्तींचे ग्रंथ टीकेसह वाचायला घेतले. हे आचार्य दहाव्या शतकातले, श्रवणबेळगोळची मूर्ती करवणाऱ्या चामुंडरायाच्या काळातले. तिथे उलगडा झाला. अकराव्या गुणस्थानातून जीव दोन कारणांनी पडतो. तिथली मुदत संपली तर तो क्रमाने खाली येतो आणि घसरत पहिल्यापर्यंतही जाऊ शकतो, हा कालक्षय. तिथेच आयुष्य संपले, तर देवगतीत जन्म घेऊन एकदम चौथ्यावर, हा भवक्षय. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने एवढा बारीक भेद एका कवडीच्या चित-उपड्यावर बसवला होता, आणि मी त्याला पक्षपात समजत होतो.

हा नियम लिहून ठेवावा म्हणून मी सांगलीला भावाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भव सरला म्हणजे मेलास, एवढंच मला कळायचं. दर वर्षी आजी मलाच मारायची आणि तुला जिवंत ठेवायची. मी न्हाणीघरात जाऊन रडायचो, तुला ठाऊक नाही." चित पडली की काळ आणि उपडी पडली की भव, ना, असे मी विचारले. तो म्हणाला, "उलटं. आणि कवड्या चार नव्हत्या दादा, पाच होत्या."