पेव, उतरंड आणि हजेरीपट

हसनाबादेत आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या घराची मागची भिंत काही वर्षांपूर्वी पाडली, तेव्हा जोत्याच्या अलीकडे पहारीचा आवाज एकाएकी बदलला. जमीन पोकळ लागली. माती उकरताच खालून एक फरशी निघाली. फरशी सरकवून तरणी पोरे आत डोकावू लागली, तोच गड्यांमधील एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "कुणी उतरू नका रे! आधी कंदील सोडा." पोरे हसली. परंतु म्हातारबुवांचे बोलणे खरे होते. ते पेव होते, आणि पेवात न पाहता उतरणारी माणसे पूर्वी गुदमरून मेलेली आहेत.

आमचे शिक्षण शाळेच्या सातव्या इयत्तेपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या दारात आणि वाचनालयात. त्यामुळे या व्याख्यानमालेच्या चालकांनी "संकटकाळ आणि कुटुंब" असा विषय आमच्या गळ्यात घातला, तेव्हा राजेरजवाड्यांच्या इतिहासाकडे जाण्याऐवजी आम्ही त्या पेवातच डोकावायचे ठरविले.

आजच्या मुलांनी पेव पाहिलेले नसते, म्हणून थोडे सांगतो. पेव काळ्या रानात खणीत नसत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरते. ते गावच्या पांढरीत किंवा घट्ट मुरमात खणायचे. तोंड माणूस उतरेल एवढेच, आणि पोट घागरीसारखे फुगीर. आत जाळ करून ते शेकायचे, तळाला आणि कडेला कडबा व भुसा यांचा थर द्यायचा, चैत्र-वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळविलेली रब्बीची ज्वारी ओतायची, आणि मृगाच्या आत फरशी बसवून शेणामातीने तोंड लिंपायचे. पुढे काय होते, ते आमच्या आज्याला ठाऊक होते पण त्याचे कारण ठाऊक नव्हते. कोंडलेले धान्य श्वास घेते, आतील प्राणवायू संपवते आणि कार्बनचा वायू सोडते. त्या वायूत किडा जगत नाही. म्हणूनच ज्वारी वर्षानुवर्षे टिके, आणि म्हणूनच कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल. कडेची ज्वारी काळवंडे, तिला उग्र वास येई. तशी भाकरी खाल्लेली माणसे अजून आहेत.

मात्र पेवाची एक अडचण अशी, की एकदा फोडले की ते सारेच उपसावे लागे. हवा शिरली की कीड शिरली. पाच माणसांचे कुटुंब एवढे धान्य एकदम काय करणार? म्हणून ज्याचे पेव फुटे त्याच्या दारात गाव उभा राही, आणि धान्य उसने दिले जाई. पण उसने याचा अर्थ उपकार असा नव्हे. सवाईने म्हणजे मणाला सव्वा मण, दिढीने म्हणजे मणाला दीड मण सुगीला परत घालायचे. वर्ष जेवढे वाईट, तेवढी दिढीची बोली पक्की. ज्या पेवात पोरे डोकावत होती, त्याच घरून आमच्या आज्याने दिढीने ज्वारी आणल्याचे आमची माय सांगत असे. एका घरची तरतूद ती दुसऱ्या घरचे कर्ज! पेवाचे कौतुक करणारे पुष्कळ लेख आम्ही वाचले; त्यांत हा हिशेब क्वचितच आढळतो.

ज्यांच्याकडे पेव नव्हते त्यांची तरतूद घरातच असे. थोडे बरे असलेल्यांच्या भिंतीत बळद, त्याखालोखाल तुराट्यांची शेणाने सारवलेली कणगी, आणि सर्वांत गरिबाच्या घरी उतरंड. एकावर एक रचलेली मडकी. तळाला बियाणे, वर डाळ, त्यावर तिखटमीठ. धान्यात राख किंवा कडुलिंबाचा पाला मिसळलेला. उन्हाळ्यात बाजेवर कुरडया, खारोड्या, सांडगे, वाळविलेल्या गवारीच्या शेंगा. ही सारी व्यवस्था बायकांची. पुरुषाला फार तर कडब्याची गंज ठाऊक. घरात किती दिवसांचे खाणे आहे हे बाईला मडक्याच्या आवाजावरून कळे. दंडातील वाकी आणि पायांतील तोडे हीदेखील हौस नव्हे, तीही ठेवच होती. फरक इतकाच, की दुष्काळात सगळ्यांची चांदी एकाच वेळी सावकाराकडे येते. चांदी आणि बैल स्वस्त होतात, ज्वारी महाग होते. जे अडीअडचणीला म्हणून जपले, त्याची किंमत नेमकी अडचणीतच उतरते.

मग ही तरतूद किती दिवस पुरे? आमच्या मते इतिहासाला विचारण्याजोगा खरा प्रश्न हाच आहे. एक वर्ष पाऊस चुकला तर पेव आणि उतरंड मिळून गाव निभावून नेत. दुसऱ्या वर्षी ओढाताण होई. तिसऱ्या वर्षी, किंवा दुष्काळात लढाईची भर पडली की, घरातील कोणतीही तरतूद पुरी पडल्याचे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ घ्या. देहूच्या तुकोबांचे घर काही भुकेकंगाल नव्हते. वाण्याचे दुकान होते, महाजनकी होती, लोकांकडे येणे होते. तरी दिवाळे निघाले आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे तुकोबांनी येण्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे सांगतात. ज्यांनी घरातील माणूस असे जाताना पाहिले त्यांना त्या कागदांचे मोल वाटेनासे झाले असेल, तर आम्हाला त्याचे नवल वाटत नाही.

जवळचे उदाहरण हवे असेल तर आपल्याच जिल्ह्यातील असईला जावे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे वेलस्लीची इंग्रजी फौज आणि शिंदे-भोसल्यांचे सैन्य यांची लढाई झाली. शाळेत ती तोफा किती आणि कोण जिंकले एवढ्यापुरती शिकवितात. पण हजारो घोडे, बैल आणि माणसे या टापूतून आली-गेली, ती काय खाऊन? त्याच सुमारास पाऊस चुकला आणि 1803-04 मध्ये दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. लढाईचा निकाल कोणाच्याही बाजूने लागला असता, तरी लुटलेली कडब्याची गंज कोणाच्या दारात परत आली नसती.

1899-1900 चा दुष्काळ म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचा छपन्नचा. संवत 1956 वरून हे नाव. त्याच सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला. रेल्वेने धान्य आणता येते, तसे नेताही येते. ज्वारीचा भाव तोवर गाव ठरवीत असे. पुढे तो जालन्याची पेठ ठरवू लागली. पेवे त्या दिवसापासून रिकामी होऊ लागली असे आम्ही म्हटले, तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पेवाहून निराळी अशी एक तरतूद या काळात जन्माला आली. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दुष्काळाचे कायदे, म्हणजे फॅमिन कोड, तयार केले होते. ते इंग्रजीत, आणि कचेरीच्या कपाटात. 1896-97 साली पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि टिळकांच्या 'केसरी'ने ते मराठीत आणून रयतेला सांगितले, की सारा तहकूब होणे व काम मिळणे या गोष्टींची तरतूद सरकारच्याच कायद्यात आहे, ती मागा. सरकारला हे रुचले नाही. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाकडे, त्यामुळे ते वारे इकडे पोहोचले नाही. पण शेतकऱ्याच्या उतरंडीत एक नवे मडके आले ते या वेळी. त्यात धान्य नव्हते, हक्क होता.

ते मडके आमच्या घरी यायला 1972 उजाडले. पाऊस 1970 पासूनच ओढ देत होता. आम्ही तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे, म्हणून जे सांगतो ते मायच्या तोंडचे. पहिल्या वर्षी कणगी संपली. दुसऱ्या वर्षी बैलजोडी गेली, मग तोडे. तिसऱ्या वर्षी बी म्हणून राखलेली ज्वारी दळली, आणि त्या रात्री बाप जेवला नाही, असे ती सांगे. मग दोघेही कामावर गेले. खडी फोडणे, नाल्याला बांध, पाझर तलावाची माती. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. शेतमजुरांबरोबर जमीनवालेही आले. ज्यांनी दिढीने धान्य दिले त्यांच्या सुनाही पाटी घेऊन रांगेत उभ्या राहिल्याचे मायने पाहिले होते. आम्हाला लुगड्याच्या झोळीत, बाभळीखाली टांगलेले असे. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळे; तिची भाकरी थापताना मोडे आणि पोटात दुखे. कामावर पोरांना सुकडी मिळे. धान्याचे पीक निम्म्यावर आले असताना राज्यात भूकबळींची ती जुनी रास पडली नाही. परदेशचे पंडितही पुढे या गोष्टीचा अभ्यास करायला आले; ज्याँ द्रेज यांनी त्यावर विस्ताराने लिहिले आहे.

पण ते काम म्हणजे स्वर्ग नव्हता. मजुरी खड्ड्याच्या मापावर. एका आठवड्यात मायच्या टोळीचा खड्डा टेप धरणाऱ्याने वीतभर कमी मापला, आणि अंगठे उमटलेल्या हजेरीपटावर तोच आकडा चढला. बायका रडल्या, पण हलल्या नाहीत. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता राखायचा, म्हणजे मूळ उंची कोणालाही दाखविता येते, ही युक्ती त्यांनी पुढच्या आठवड्यापासून सुरू केली. त्या खुंटाला 'साक्षीदार' म्हणत. संघटना हा शब्द मायला आयुष्यभर नीट उच्चारता आला नाही. आम्ही मात्र ती विद्या प्रथम तिच्याकडूनच शिकलो.

या साऱ्याचा कायदा होण्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची चिकाटी होती. 1965 साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्यांनी हा प्रयोग करून पाहिला होता. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम. न दिल्यास भत्ता. पुढे 2005 साली देशाने केलेल्या कायद्याची ही थोरली बहीण. आता शहरातील श्रोत्यांनी जरा लक्ष द्यावे. याला पैसा कोठून आला? 1975 साली नोकरदार व व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसला, तो मुळात यासाठीच. आपल्या पगारपत्रकावर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, तो हाच. कारखान्यातील सभेत आम्ही हे सांगतो तेव्हा कामगार चकित होतात. त्यांतील निम्म्यांच्या आया त्या बांधांवर राबलेल्या असतात.

आज हसनाबादेत पेव नाही, कणगी क्वचित. रानात कापूस, मका, सोयाबीन, ज्वारी विकत. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा जळाल्या आणि टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या. त्या वेळी आमच्या लक्षात आले, की शेतकऱ्याचे घरही आता पगारदाराच्या घरासारखे आठवड्याच्या बाजारावर जगते. शहराचे तर विचारूच नये. मुंबईच्या गिरणी कामगारांचा 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला संप इतका लांबला, त्याला एक कारण असे, की पुष्कळांना गाव होते आणि गावाकडे मूठभर भात किंवा ज्वारी होती. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा जालन्याच्या परप्रांतीय कामगारांना ते गाव शेकडो कोसांवर होते. 8 मे 2020 च्या पहाटे जालन्याहून रुळारुळाने मध्य प्रदेशाकडे निघालेले सोळा कामगार करमाडजवळ रुळांवरच झोपले असता मालगाडीखाली सापडले. रुळांवर त्यांच्या गाठोड्यांतील भाकऱ्या विखुरल्या होत्या. त्यांची तरतूद ती तेवढीच. आम्ही त्या वेळी जालन्यातच होतो आणि आमच्या वहीत त्यांच्यासारख्या कोणाचेही नाव नव्हते, कारण ठेकेदाराच्या माणसांना सभासद करून घेण्याचे आम्ही वर्षानुवर्षे पुढे ढकलले होते.

त्या उन्हाळ्यानंतर आम्ही दोन गोष्टी चालू केल्या. संपाची चर्चा निघाली, की पूर्वी आम्ही प्रथम मागण्या वाचत असू; आता प्रथम विचारतो, डब्यात पीठ किती दिवसांचे? बायकांना बोलावून विचारतो, पुरुष अंदाजाने सांगतात. दुसरी गोष्ट म्हणजे कोठी. सुगीत भाव उतरला की प्रत्येक घराने वीस किलो ज्वारी आणायची, पत्र्याच्या कोठ्यांत भरायची, कोंडी नीट व्हावी म्हणून झाकणाच्या कडेला मेण लावायचे. उसने दिलेले जेवढ्यास तेवढे परत. सवाई नाही, दिढी नाही. वहीत ठेकेदाराच्या माणसांची नावे आता आहेत, काही अजून राहिली आहेत. पहिल्या वर्षी दोन कोठ्यांना कीड लागली, कारण आमच्याच एका हौशी कार्यकर्त्याने मोजदाद करायला म्हणून दर महिन्याला झाकण उघडले. हसनाबादचे ते म्हातारबुवा तेव्हा हयात होते. त्यांना बोलावून आणले, त्यांनी झाकण हुंगले, आणि त्या कार्यकर्त्याकडे पाहून विचारले, "पेव कधी मोजतात का रे, पोरा?"